वाचकांचे प्रश्न : सुरी घडवून घ्यावी की तयार घ्यावी?

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावर दोन-तीन पत्रं होती तिथे ती एकत्र केली. 'घडवून घेतलेली' म्हणजे कारागिराला सांगून आपल्या मापाने करवून घेतलेली आणि 'तयार' म्हणजे कारखान्यातून एकसारखी हजारोंनी निघणारी, एवढाच अर्थ धरावा.

प्रश्न : रोज तासभर तरी सुरी हातात असते. कारखान्याची बऱ्यापैकी सुरी आहे, पण वर्षभरातच तिच्यावरून मन उडालं. आता एखाद्या कारागिराकडून करवून घ्यावी असं वाटतंय. घ्यावी का?

मन कशाने उडालं ते आधी शोधा. 'सुरी चालत नाही' या एका तक्रारीखाली दोन वेगळी दुखणी असतात. एक तर धार गेलेली असते, नाहीतर पातं जाड असतं. टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती टेकवून, वजन न देता ओढा. साल न चिरता सुरी घसरली तर धार गेली आहे. मग एक जाडजूड गाजर घेऊन मधोमध आडवं कापा. धार ठीक असूनही अर्ध्यावर 'टक्' असा आवाज झाला आणि उरलेलं गाजर पात्याच्या पुढे पुढे फुटत गेलं, तर पातं कापत नाही, पाचरीसारखं फाकवतंय.

पहिल्या दुखण्यावर १००० ग्रिटचा दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) आणि पंधरा मिनिटं पुरतात. त्यासाठी नवी सुरी कशाला? दुसऱ्या दुखण्यावर कितीही धार लावली तरी उपयोग नाही, कारण दोष धारेत नाही, धारेच्या मागे आहे.

तो मोजता येतो. पात्याच्या खालच्या कडेला धारेचा चकाकणारा बारीक पट्टा दिसतो. तो जिथे संपतो तिथली जाडी व्हर्निअर कॅलिपरने घ्या, आणि तिथून १० मिमी वरची वेगळी घ्या. तयार सुरीत पहिलं माप बहुधा ०.४ ते ०.६ मिमी येतं. भाजी कापण्यासाठी हाताने घासून पातळ केलेल्या सुरीत तेच ०.१५ ते ०.२५ मिमी असतं. सुरी गाजरातून अलगद जाते की त्याला फोडते हे मुख्यतः या फरकावर ठरतं. पोलाद कोणतं, मूठ कशाची, हे सगळं त्याच्यानंतर.

कारखाना पातं जाड ठेवतो तो निष्काळजीपणाने नव्हे. ही सुरी कुणाच्या हाती पडणार हे त्याला ठाऊक नसतं. कुणी हाडावर मारेल, कुणी गोठलेलं पाकीट उचकटेल, कुणी भांडी धुण्याच्या यंत्रात टाकेल. पातळ पात्याचा टवका उडाला की तक्रार कारखान्याकडेच येते. शिवाय पातळ पातं घासताना लवकर तापतं आणि वाकतं, म्हणजे बाद होणारा माल वाढतो. ती जाडी हा कारखान्याचा विमा आहे आणि त्याचा हप्ता तुमचं मनगट भरतं.

आणखी एक गोष्ट वर्षभराने का जाणवली असेल? दर वेळी धार लावताना पात्याची खालची कड झिजते आणि धार पात्याच्या जाड भागाकडे सरकते. पाठीशी २ मिमी, धारेपाशी ०.२ मिमी आणि उंची ४८ मिमी असं सरळ उताराचं पातं धरा. दर मिलिमीटर उंचीमागे जाडी ०.०३७ मिमी वाढते. म्हणजे ५ मिमी झिजल्यावर धारेमागची जाडी जवळपास ०.४ मिमी, दुप्पट! घडवून घेतलेल्या सुरीचंही हेच होतं. म्हणून अधूनमधून पातंही पातळ करून घ्यावं लागतं. नुसती धार लावत राहिलं तर सुरी 'म्हातारी' होते म्हणतात, ती अशी.

तेव्हा मोजा. सध्याच्या सुरीत काय खटकतं ते मिलिमीटरमध्ये आणि ग्रॅममध्ये सांगता येत नसेल, तर अजून कारागिराकडे जाऊ नका. तो 'कशी हवी?' विचारेल, तुम्ही 'चांगली' म्हणाल, आणि मग तो त्याच्या आवडीची सुरी करून देईल. सुरी उत्तमच होईल, फक्त तुमची होणार नाही.

प्रश्न : कारागीर जे पोलाद वापरतो त्याच नावाच्या पोलादाची तयार सुरीही मिळते. मग फरक कसला?

पाणी देण्याचा, म्हणजे पातं तापवून, झटकन थंड करून कठीण करण्याचा. पोलादाच्या नावावरून फक्त त्यात काय काय आहे ते कळतं. जर्मन धाटणीच्या बऱ्याच तयार सुऱ्यांवर 'एक्स-५०-सीआर-एमओ-व्ही-१५' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ ०.५ टक्के कार्बन, सुमारे १५ टक्के क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हे पोलाद गंजाला दाद देत नाही, पण त्याची कठीणता रॉकवेल सी मापावर साधारण ५५ ते ५७ एवढीच ठेवतात. धार लवकर मुडपते, तशीच स्टीलच्या सळईवर दोन हात मारले की सरळही होते. कारागीर बहुधा जास्त कार्बनची पोलादं घेऊन ६० ते ६३ पर्यंत जातो. बेअरिंगसाठी निघालेलं ५२१०० (१ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम) घेतात, किंवा १०९५ हे साधं कार्बन पोलाद घेतात. दाढीच्या पात्यांसाठी तयार झालेलं एईबी-एल घेतात. त्यात ०.६७ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असतं.

आता एकच पोलाद दोघांना दिलं तर? १०८४ हे साधं कार्बन पोलाद घ्या. ते सुमारे ८१५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, कोमट तेलात बुडवायचं आणि लगेच २०० अंशांना दोन-दोन तास दोनदा टेम्पर करायचं, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवायचं. भट्टी ५० अंशांनी जास्त तापली तर पोलादाच्या आतले कण मोठे होतात आणि धार काचेसारखी तुटते. कमी तापली तर पातं पुरतं कठीण होत नाही. १०९५ ला तर तेलही जलद लागतं, कारण सुमारे ५४० अंशांखाली येईपर्यंत सेकंदभरही सवड नसते. गंजरोधक पोलादाला १०५० अंशांच्या पुढे जावं लागतं. त्यातून चांगली कठीणता काढायची तर नंतर शून्याखाली ७० अंश किंवा त्याहूनही थंड करतात. कोळशाच्या भट्टीत नजरेच्या अंदाजाने हे जमत नाही, त्याला तापमान धरून ठेवणारी विजेची भट्टी हवी.

इथे कारखान्याचं पारडं जड आहे. त्याच्या भट्टीतून शंभरावं पातंही पहिल्यासारखंच निघतं. कारागिराचं सगळं त्याच्या शिस्तीवर असतं. म्हणून त्याला 'पोलाद कोणतं?' एवढं विचारून थांबू नका. पाणी कुठे देता, भट्टी कोणती, कठीणता मोजता का, टेम्परिंग किती अंशांना, हेही विचारा. पाणी देण्याचं काम बाहेरच्या तज्ज्ञ कंपनीकडे पाठवतो म्हणाला तर नाक मुरडू नका. गंजरोधक पोलादाच्या बाबतीत ते बऱ्याचदा शहाणपणाचंच असतं.

प्रश्न : घण मारून घडवलेली सुरी पत्र्यातून कापलेल्या सुरीपेक्षा श्रेष्ठ असते ना? ठोकल्याने पोलाद घट्ट होतं म्हणतात.

नाही होत. गिरणीतून आलेली पोलादाची पट्टी आधीच पुरेशी घट्ट असते. घणाने तिचा फक्त आकार बदलतो, आणि आतले कण कसे राहणार ते पुढच्या तापवण्या-थंड करण्यावर ठरतं. घडाईचा खरा फायदा वेगळा आहे. जाड पट्टीतून मुठीपाशी ३ मिमी, मध्यावर २ मिमी आणि टोकाजवळ १ मिमीच्या आत अशी निमुळती पाठ पोलाद वाया न घालवता काढता येते. पत्र्यातून कापून घासणारा चांगला कारागीरही तेच साधतो, फक्त भुसा जास्त पडतो. तयार सुरीवरच्या 'फोर्ज्ड' शब्दाने तर भुलूच नका. अनेकदा मुठीलगतचा जाड भाग तापवून दाबलेला असतो, इतकाच त्याचा अर्थ.

प्रश्न : ऑर्डर देताना कारागिराला नेमकं काय काय सांगावं?

सर्वांत आधी जाड पुठ्ठ्याची सुरी कापा. हा पोरखेळ वाटेल, पण अर्ध्या तासात निम्मे निर्णय होऊन जातात. धारेची लांबी २१० मिमी, उंची ४८ मिमी इथून सुरुवात करा. पुठ्ठा सध्याच्या सुरीवर चिकटपट्टीने बसवून बोर्डावर कापल्यासारखा हात फिरवा. टोक बोर्डाबाहेर जातंय का? बोटांची पेरं बोर्डाला आपटतायत का? आपटत असतील तर उंची वाढवा. तुम्ही सुरी टोकावर टेकवून झुलवत कापता की सरळ वर-खाली? झुलवत असाल तर धारेला पोट, म्हणजे बाहेर आलेला बाक, हवं. वर-खाली कापत असाल तर टाचेकडचा (धारेच्या मुठीकडच्या टोकाचा) निदान अर्धा भाग सपाट हवा, नाहीतर कापलेले तुकडे खाली एकमेकांना लटकून राहतात.

मुठीचं माप घ्यायला सध्याच्या मुठीवर इन्शुलेशन टेपचे वेढे घालत जा. हातात बरं वाटलं की थांबा आणि दोऱ्याने घेर मोजा. ओल्या हाताने धरूनही बघा. लांबी १२० ते १३० मिमी बहुतेकांना पुरते.

पातं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरत असाल तर तोल मुठीच्या पुढे एक-दोन सेंटिमीटरवर येईल असं सांगा. या पकडीत पाठीच्या आणि टाचेच्या कडा बोटात रुततात, त्या गोल करून हव्यात हेही सांगून ठेवा. हे काम दहा मिनिटांचं असतं, पण सांगितलं नाही तर राहून जातं, आणि महिन्याभरात तर्जनीला घट्टा पडतो.

पोलाद निवडताना स्वतःपेक्षा घरातल्या इतरांचा विचार करा. कुणी एकजणही सुरी ओली ठेवून जात असेल तर साधं कार्बन पोलाद घेऊ नका. त्याच्यावर येणारा निळसर-करडा थर चांगला, तो पुढच्या गंजाला थोडा अटकाव करतो. तांबूस डाग मात्र गंजाचाच. आंबट काही कापताना मधेच पुसावं लागतं. ज्याला ते जमतं त्याला कार्बन पोलादाच्या धारेसारखं सुख नाही.

आणि हे सगळं लिहून घ्या: पोलाद, कठीणता (±१), धारेमागची जाडी (कमाल किती), वजन (±१० ग्रॅम), आगाऊ रकमेचा वाटा, मुदत, टवका उडाला किंवा पातं वाकलं तर काय करणार. कारागीर जाडीचा आकडा लिहून द्यायला कांकूं करत असेल तर तो मोजत नसावा.

प्रश्न : सुरी हातात आल्यावर ती नीट झाली की नाही हे कसं ओळखायचं?

खिडकीकडे तोंड करून सुरी बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरा, आधी पाठीच्या बाजूने, मग धारेच्या बाजूने. पाणी देताना पातं वाकलं असेल तर इथेच दिसतं. मग बोर्डावर धार टेकवून मागून दिवा लावा. सपाट म्हणून सांगितलेल्या भागाखालून प्रकाश येत असेल तर तिथे खळगा आहे. मूठ आणि पोलाद जिथे मिळतात तिथे नख फिरवा. नख अडकलं तर पाणीही अडकणार. पात्यावर, विशेषतः टोकाशी आणि धारेलगत, निळी छटा दिसली तर घासताना तो भाग सुमारे ३०० अंशांपर्यंत तापला होता. तिथला टणकपणा गेला असं समजा. फिकट पिवळी छटा सव्वादोनशे अंशांच्या आसपासची, तीही धारेवर बरी नाही. मात्र रंग पॉलिशने घालवता येतो, तेव्हा रंग नाही म्हणजे निर्धास्त असंही नाही.

कारागिरासमोर असाल तर पितळी सळईची परीक्षा करायला सांगा. साधारण ६ मिमी जाडीची सळई आडवी घट्ट बसवतात आणि धार तिच्या कोनातच सळईवर दाबून फिरवतात. धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर बसलंय. वाकून तशीच राहिली तर मऊ, कण उडाले तर ठिसूळ. तयार सुरी विकणारा दुकानदार हे करू देणार नाही, त्याचा दोषही नाही.

काही जण अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेचा दाखला देतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या कसोटीत इंचभर जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा असतो, लाकडी फळी दोनदा छाटायची असते, त्यानंतरही त्या धारेने केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं असतं. पाणी देण्यावरची हुकूमत त्यातून कळते. पण तो चाकू त्या परीक्षेपुरताच केलेला असतो. कांदा बारीक चिरायच्या सुरीला ९० अंशांत वाकून काय करायचंय?

पहिल्या धारेवरून मात्र मत बनवू नका. कारखान्यात शेवटची धार घासायच्या यंत्राच्या कोरड्या पट्ट्यावर लावलेली असली तर अगदी टोकाचं पोलाद थोडं भाजलेलं असू शकतं. दोन-तीनदा दगडावर धार लावल्यावर ताजं पोलाद लागतं, आणि तीच सुरी एकदम जास्त टिकायला लागते.

प्रश्न : पात्यावर लाटांची नक्षी आहे. ती अस्सल आहे की छापलेली?

एका कोपऱ्यात, मुठीजवळ, ६०० ग्रिटच्या पॉलिशपेपरने नक्षी घासून काढा आणि तिथे फेरिक क्लोराइडचा पातळ द्राव कापसाने लावा. वेगवेगळ्या पोलादांच्या थरांची असेल तर नक्षी पुन्हा वर येते, छापलेली असेल तर येत नाही. पण अस्सल असली तरी बहुतेक सुऱ्यांत ते थर बाहेरच्या अंगाला असतात आणि कापतो तो मधला एकच गाभा. पैसे गाभ्याकडे बघून द्या. नक्षी डोळ्यांसाठी, आणि त्यात काही गैर नाही.

प्रश्न : डावखुऱ्या माणसाला घडवून घेण्यावाचून इलाज नाही का?

दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली सुरी असेल तर तयार चालते. अडचण तीन ठिकाणी येते. एकाच बाजूने उतार असलेलं पातं डाव्या हातात काप तिरका नेतं. दोन्हीकडे उतार असला तरी काही पाती उजव्या हाताला सोयीची म्हणून एका अंगाला जास्त फुगीर असतात. आणि इंग्रजी 'डी'च्या आकाराच्या मुठीचा उंचवटा नको तिथे टोचतो. घेण्याआधी पात्याकडे टाचेच्या बाजूने, म्हणजे समोरून, बघा. दोन्ही उतार आरशातल्यासारखे दिसायला हवेत. एकतर्फी पातंच हवं असेल तर मात्र खास डाव्या हाताचंच करवून घ्या. उजव्याचं उलटं घासून घेण्याच्या भानगडीत पडू नका, कारण त्या पात्याची दुसरी बाजू मुद्दाम किंचित खोलगट केलेली असते.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात आठ जण काम करतात. सगळ्यांना चांगल्या सुऱ्या घडवून द्याव्यात का?

नको. अनेक हातांतून फिरणारी सुरी तयारच असावी. ती हरवते, पडते, टोक मोडतं, आणि दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी हवी असते. सगळ्यांना एकच नमुना द्या, म्हणजे धार लावणाऱ्याला एकच कोन सांभाळावा लागतो. ज्याला स्वतःची वेगळी हवी त्याने ती आपल्या पिशवीत ठेवावी.

प्रश्न : घडवून घेतलेल्या सुरीच्या लाकडी मुठीतून पोलादाची कड वर आल्यासारखी लागते. काम कच्चं झालं का?

लागलीच तसं म्हणता येणार नाही. लाकूड कोरड्या हवेत आडव्या अंगाने आकसतं, पोलाद आकसत नाही, म्हणून मधली पट्टी अंगठ्याला लागते. दमट हवेत उलट होतं. नुसतीच कड लागत असेल तर ४०० ग्रिटच्या कागदाने सपाट करा, खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑइल चोळा, रात्रभर ठेवून पुसा. पण लाकूड आणि पोलाद यांच्या मध्ये फट पडली असेल तर सुरी परत पाठवा. फटीत पाणी शिरून आतून गंज चढतो आणि वरून काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी निर्वात टाकीत राळ मुरवलेलं लाकूड मागा, किंवा मायकार्टा नाहीतर जी-१०. कापडाचे थर राळेत दाबून मायकार्टा करतात, जी-१० मध्ये कापडाच्या जागी काचेचं विणकाम असतं.

प्रश्न : तयार सुरीच सुधारून घेता येईल का?

येईल, आणि पहिल्या पत्रातल्यासारख्या बऱ्याच तक्रारी तेवढ्याने मिटतात. पातं पातळ करणं हे मुख्य काम. घरी करायचं तर २२० ग्रिटचा दगड घ्या. ४८ मिमी उंचीच्या पात्याची पाठ दगडापासून फक्त ४ मिमी वर उचला, म्हणजे ५ अंश होतात. धारेचा पट्टा जिथे संपतो तो वरचा खांदा दोन्ही बाजूंनी सारखा घासा. दर पन्नास हातांनी बाजू बदला आणि मापत राहा. ०.५ वरून ०.२५ मिमीपर्यंत यायला दोन तासही लागतील. मग १००० ग्रिटवर पाठ १२ मिमी वर धरून नवी धार लावा, ते १५ अंश. यानंतर हाडाला आणि गोठलेल्या वस्तूंना ही सुरी लावू नका. ५६ कठीणतेच्या पोलादाला फार पातळ केलं तर धार मुडपते, म्हणून ०.२ मिमीच्या खाली जाऊ नका.

दुसरं काम मुठीलगतचा जाड भाग टाचेपर्यंत खाली आलेला असेल तर त्याचं. धार झिजते, तो झिजत नाही, आणि काही वर्षांनी टाचेपाशी सुरी बोर्डावर टेकेनाशी होते. तो ५-६ मिमी मागे घासून घ्यावा लागतो. हे यंत्राच्या पट्ट्यावरचंच काम आहे. देण्याआधी त्या माणसाची जागा बघून घ्या. पट्ट्याशेजारी पाण्याचं भांडं हवं, आणि पातं त्याने हातमोजा न घालता धरलेलं हवं. बोटांना चटका बसायच्या आत तो पातं पाण्यात बुडवतो, त्यामुळे पोलाद दीडशे अंशांच्या जवळपासही जात नाही. हातमोजे घालून, कोरडं, ठिणग्यांचा पाऊस पाडत काम चाललेलं दिसलं तर सुरी तशीच गुंडाळून परत आणा.